मेलवरचा आवक शिक्का

माल आला नाही म्हणजे काय झालं असेल, हे मला बसल्या जागी सांगता येतं. टेम्पो मोशीत अडकलेला असतो, किंवा ड्रायव्हर फोन उचलत नसतो, किंवा गेटवर चलनावरून वाद चाललेला असतो. तिन्ही ठिकाणी कुणीतरी माणूस उभा असतो आणि त्याच्यावर ओरडता येतं. मेल आला नाही म्हणजे काय होतं, हे मात्र मला पंचावन्न वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. ओरडायचं कुणावर, हे शोधण्यातच माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

चाकणच्या अलीकडे, कुरुळीच्या बाजूला माझं लहानसं शॉप आहे. आम्ही गेज बनवतो. कंपनीत तयार झालेला पार्ट मापात आहे की नाही, हे ज्याने तपासतात ते साधन म्हणजे गेज. सात माणसं, चार मशीन आणि काचेची भिंत असलेली एक एसी खोली, एवढा पसारा. एसी माणसांसाठी नाही, मापासाठी आहे. लोखंड गरम झालं की फुगतं आणि माप खोटं बोलतं, म्हणून. त्याआधी पंधरा वर्षं मी पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो, आणि माझ्या सगळ्या चांगल्या-वाईट सवयी तिथल्याच आहेत. आत येणाऱ्या प्रत्येक कागदावर आवक शिक्का आणि नंबर पडायचा. शिक्का नसेल तर तो कागद आमच्या लेखी जन्मालाच आलेला नसायचा. शिवाय प्रत्येक कागदाची एक प्रत फाइलला लागायची. ती प्रत नंतर कुणी उघडूनही बघायचं नाही, पण लागायची.

काही वर्षांपूर्वी मी शॉपच्या नावाचा मेलचा पत्ता घेतला. चिंचवडचा एक जण आमची वेबसाइट सांभाळतो, त्यानेच करून दिला. बोर्डावर जे नाव, तेच मेलच्या पत्त्यात. मला फार भारी वाटलं होतं. पण दोन खाती आणि दोन पासवर्ड माझ्या डोक्यात राहणारे नव्हते. म्हणून मी त्याला सांगितलं, शॉपच्या पत्त्यावर जे येईल ते आपोआप माझ्या नेहमीच्या, फोनमधल्या फुकटच्या खात्यावर पाठवत जा. त्याने ते लगेच केलं. मग मी म्हटलं, पुढे पाठवताना प्रत्येक मेलच्या विषयाआधी ‘आवक’ असं लिहून नंबर टाक, म्हणजे शॉपचं कुठलं आणि घरचं कुठलं ते कळेल. तो हसला. असं कुणी करत नाही सर, म्हणाला. मी म्हटलं, मी करतो. आणि हो, एक प्रत तिकडेच ठेव.

त्याने हेही केलं. माझ्या फोनवर ‘आवक ४१’, ‘आवक ४२’ असे मेल रांगेत येऊन उभे राहायला लागले. मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे.

आता माझ्या लेकीबद्दल. ती मेकॅनिकलची इंजिनिअर. वर्गात मुली मोजून चार, आणि मापनशास्त्र हा बाकीच्यांना झोप आणणारा विषय हिच्या आवडीचा. कॉलेजच्या सहलीत तिने चाकणच्या एका मोठ्या कंपनीची मेजरिंग लॅब पाहिली. तिथे एक मशीन आहे, त्याच्या काडीच्या टोकाला माणकाचा बारीकसा मणी असतो. तो मणी पार्टला हळूच टेकतो आणि केसाच्या कितव्या भागाची चूक आहे ते सांगतो. घरी आल्यावर ती आठवडाभर त्या मण्याबद्दल बोलत होती. आईने विचारलं, भाजीत मीठ बरं आहे का, तरी ही मण्यावर. शिक्षण संपल्यावर त्याच लॅबची जाहिरात निघाली, तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता.

अर्ज भरताना तिने स्वतःचा जुना पत्ता टाकला होता. कॉलेजात असताना काढलेला, टोपणनाव आणि पुढे चार आकडे असा. मी मागून बघत होतो, आणि माझ्या तोंडाला कुलूप नसतं. म्हटलं, हा काय पोरकट पत्ता, आपल्या बोर्डाच्या नावाचा तुला काढून देतो. ती म्हणाली, "पप्पा, पत्ता कुठला आहे त्याने काय फरक पडतो?" मी म्हटलं, पडतो, समोरच्याला वाटतं की माणूस घरंदाज आहे. वेबसाइटवाल्याला फोन करून अर्ध्या तासात तिच्या नावाचा पत्ता काढला, माझ्यासारखाच: पुढे तिच्या फुकटच्या खात्यावर पाठवायचा, आवक शिक्का मारायचा, प्रत ठेवायची. तिने नाइलाजाने तो पत्ता टाकला. वाद घालून मी तिला जिंकू देत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

दिवाळीनंतर ऑनलाइन परीक्षा झाली. पेपर छान गेला म्हणाली. निकाल मेलने कळवू, असं शेवटी पडद्यावर आलं होतं. मग आम्ही वाट बघायला लागलो. ती सकाळी उठल्यावर फोन बघायची, जेवताना बघायची, नको असलेले मेल जिथे पडतात ती कचरापेटीसुद्धा उपसून बघायची. तिथे मारुंजीतल्या फ्लॅटच्या जाहिराती असायच्या. एक महिना गेला, दोन गेले.

मी तिला सांगितलं, फोन कर. आमच्या पट्ट्यात मेल टाकून कुणी गप्प बसत नाही. मेल टाकायचा, मग फोन करायचा, ‘साहेब, मेल टाकलाय, बघा जरा’, आणि मग तीच फाइल व्हॉट्सॲपवरही पाठवायची. मेल हा आमच्याकडे नुसता पुरावा असतो, काम फोनवर होतं. पण ती म्हणाली की असा फोन केला तर वाईट दिसतं, घ्यायचं असतं तर त्यांनी कळवलंच असतं. तिच्या पिढीचे रिवाज वेगळे, मला त्यातलं कळत नाही, म्हणून मी गप्प बसलो. बसायला हवं होतं त्या वेळी मात्र बसलो नाही. एका संध्याकाळी जेवताना ती पुन्हा म्हणाली, पेपर तर चांगला गेला होता. मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "तुला वाटलं असेल तसं."

 ती ताट उचलून आत गेली. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मला दुसरी भाकरी मागायची हिंमत झाली नाही. त्यानंतर लेक फोन बघेनाशी झाली. दुसरीकडे अर्ज कर म्हटलं तर ‘करते’ म्हणायची आणि करायची नाही. पिंपळे गुरवच्या आमच्या तीन खोल्यांत ती दिवसभर कुठे असते तेच कळायचं नाही, इतकी गप्प. शेवटी मीच म्हटलं, घरी बसण्यापेक्षा शॉपला ये, तपासणीला माणूस हवाच आहे. ती आली.

आणि खरं सांगायचं तर त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. आम्ही सकाळी एकत्र निघायचो. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, कुरुळी. गाडी ती चालवायची आणि मी शेजारी बसून ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबायचो. काचेच्या खोलीत तिने महिन्याभरात असा काही वचक बसवला की जुने कारागीर गेज घेऊन दाराशी आले की आधी चपला काढायचे, मग हात पुसायचे. गिऱ्हाईक फोनवर मला नमस्कार करून ‘मॅडमना द्या’ म्हणायला लागले. मला वाटायचं, बरंच झालं त्यांनी हिला घेतलं नाही.

उन्हाळ्यात एक दिवस एका कंपनीच्या परचेसच्या मॅडमचा फोन आला, आणि आवाज चढलेला. ड्रॉइंग बदललंय म्हणून तीन मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही, वर तुम्ही जुन्याच ड्रॉइंगचं गेज पाठवता, असं कसं चालेल. मी कानावर हात ठेवले. म्हटलं, मॅडम, एकही मेल आलेला नाही, आणि तुमचा या वेळी फोनही आला नाही. त्या म्हणाल्या, पाठवलेल्याचा फोटो टाकते. टाकला. तारीख, वेळ, माझा पत्ता, सगळं बरोबर. मी माझ्या फोनमध्ये बघितलं. आवक २१६ नंतर आवक २२०. मधले नंबर गायब.

तो नंबरांचा खड्डा बघून मी खुर्ची ओढून बसलो. स्टोअरमध्ये आवक नंबर तुटला की चौकशी लागायची. मग मी मागे मागे गेलो, आणि खड्डेच खड्डे. माझ्या लक्षात कसे आले नाहीत? कारण प्रत्येक वेळी मागून फोन आला होता आणि फाइल व्हॉट्सॲपवर मिळाली होती. मेल पोचला काय आणि नाही काय, काम अडलं नव्हतं.

मी बायकोला म्हटलं, तुझ्या फोनवरून शॉपच्या पत्त्यावर मेल टाक. तिने टाकला, ‘दूध आणा’ असा. अर्ध्या मिनिटात आवक शिक्क्यासह आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. भोसरीच्या स्टीलवाल्याला टाकायला सांगितला, त्याचाही आला. मॅडमना सांगितलं, आता टाका. त्यांनी टाकला. नाही आला. मी फोन बंद करून चालू केला. नाही आला. छपराखालून बाहेर, उन्हात जाऊन उभा राहिलो, जणू काही रेंजचाच प्रश्न होता. नाही आला.

वेबसाइटवाल्याला फोन केला. त्याने त्याच्याकडे बघून सांगितलं, आमच्याकडून पुढे गेलाय सर, पुढचं त्यांचं ते जाणोत. ते म्हणजे कोण, तर ज्यांचं फुकटचं खातं मी वापरतो ती परदेशी कंपनी. तिचा फोन नंबर शोधला. नंबरच नाही. एवढी मोठी कंपनी, जगातल्या निम्म्या माणसांची पत्रं तिच्याकडे, आणि गेटवर कुणी वॉचमनसुद्धा नाही ज्याला विचारावं. एक पान सापडलं, त्यावर लिहिलं होतं, तुम्हाला या माहितीची मदत झाली का? मी ‘नाही’ दाबलं. पडदा म्हणाला, धन्यवाद.

मग मी वहीत दोन रकाने आखले. येतात आणि येत नाहीत. येतात यात स्टीलवाला, जॉबवर्क करणारे दोन-तीन जण, बायको, आणि फ्लॅटच्या झाडून सगळ्या जाहिराती. येत नाहीत यात तीन मोठ्या कंपन्या, विम्याची कंपनी आणि आमच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी करणारी लॅब. मी त्या रकान्यांकडे बघत बसलो. म्हणजे पाठवणारा जितका मोठा आणि शिस्तीचा, तितका त्याचा मेल बुडण्याची शक्यता जास्त. हे कुठलं गणित? चोराला दार उघडं आणि पाहुणा बाहेर? ज्या गाळ्यात शॉप आहे त्याचे मालक कुरुळीचेच, जुने शेतकरी, दुपारी चहाला येऊन बसतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "आमाला त्यातलं काय कळत न्हाई. पर तुमी मधी कुनाला ठेवलंय का, ते बघा." मी म्हटलं, मध्ये कुणी नाही हो, आपोआप जातं.

त्या महिन्यात मी चिडचिडा झालो होतो. रात्री जेवताना फोन, सकाळी उठल्यावर फोन. बायको म्हणाली, लेकीसारखंच करायला लागलात. त्या बोलण्यातूनही माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही, याचं मला आता नवल वाटतं.

शेवटी मावसबहिणीला विचारलं. ती मारुंजीत राहते, हिंजवडीतल्या कंपनीत आहे, आणि मोठ्या ऑफिसची मेलची व्यवस्था सांभाळणं हेच तिचं काम. तिला आधीच विचारायला काय झालं होतं? काही नाही, ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे आणि लातूरला असताना मी तिला सायकल शिकवली होती. त्यामुळे तिच्याकडून काही शिकायचं म्हणजे जरा जड जातं. शनिवारी दुपारी ती घरून फोनवर आणि मी शॉपच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर. माझा पडदा तिला तिकडे दिसत होता. ती सांगेल तिथे मी दाबत होतो. दहा मिनिटांत ती थांबली आणि विचारलं, दादा, हे ‘आवक’ काय आहे?

मी अभिमानाने सांगितलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तू स्टोअरला होतास ना? मग ऐक. मोठ्या कंपन्या आता मेलला सील लावून पाठवतात. आणि सगळ्या गेटांवर सांगून ठेवतात, की गाडी आमची नसेल आणि सीलही फुटलेलं असेल, तर आमच्या नावाचा माल आत घेऊ नका. तू त्यांचा मेल मध्ये अडवतोस, सील फोडून आत तुझा शिक्का मारतोस, आणि तुझ्या टेम्पोतून पुढे पाठवतोस. तू गेटवर असतास तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, परत पाठवला असता. आणि वर ड्रायव्हरला दोन शब्दही ऐकवले असते. मग माझ्या एकेक लक्षात यायला लागलं. लहान माणसं सील लावत नाहीत, किंवा लावलं तरी गेटवर अशी ताकीद देऊन ठेवत नाहीत, म्हणून त्यांचं निभावतं. बायकोचा ‘दूध आणा’ तसाच निभावला. परत गेल्याची चिठ्ठी पाठवणाऱ्याकडे जाते. परचेसच्या मॅडमना ती येतही होती, पण इंग्रजीत लांबलचक काहीतरी असतं म्हणून त्या न वाचताच पुसून टाकत होत्या. पूर्वी एवढी कडक तपासणी नव्हती, म्हणून इतकी वर्षं चाललं. सगळं समजलं असं मला वाटलं आणि तरी समजत नव्हतं. जन्मभर ज्या शिक्क्याशिवाय मी कागद आत घेतला नाही, त्याच शिक्क्यामुळे माझा कागद कुणी आत घेत नव्हतं?

बहिणीने विचारलं, या मेलची प्रत कुठे राहते? मी म्हटलं, तिकडेच, कोण बघतंय. तिने ती जागा उघडायला लावली. माझे सगळे बुडालेले मेल तिथे ओळीने पडलेले होते, मॅडमचे तीनही. मी सुटलो असं वाटून खुर्चीत मागे रेललो. तेवढ्यात ती म्हणाली, खाली अजून एक पेटी दिसतेय, न वाचलेले बरेच आहेत, कुणाची? मी नाव वाचलं. लेकीची होती.

बहिणीला अर्जाचं माहीत होतं. तिचा आवाज बदलला. म्हणाली, ही तू उघडू नकोस, तिची तिला उघडू दे. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पासवर्ड मीच ठरवलेला होता, सगळ्यांचा एकच. मी उघडली.

त्या लॅबचे तीन मेल होते. पहिल्यात लिहिलं होतं की आपण परीक्षेत उत्तीर्ण झाला आहात, अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता मुलाखतीला या. दुसऱ्यात, आपण येणार असल्याचं अजून कळवलेलं नाही, कृपया कळवा. तिसऱ्यात, आपल्याकडून काहीच उत्तर न आल्याने आपणास या जागेत रस नाही असं समजून अर्ज बंद करत आहोत. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. परत गेल्याच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडेही कुणी वाचल्या नसणार. तिन्ही मेल डिसेंबरातले. मी तिला ते ताटावरचं वाक्य ऐकवलं त्याच्याही आधीचे.

काचेपलीकडे ती गेजवर वाकली होती. मला आधी आनंदच झाला, हे मी लपवत नाही. पोरगी पास झाली होती. मग तारखा पुन्हा बघितल्या. उठून काचेवर टकटक करायची, एवढंच काम होतं. मी पेटी बंद केली.

का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मनाशी म्हटलं, ती माप घेतेय, मध्ये नको. मग म्हटलं, संध्याकाळी गाडीत सांगू. गाडीत ती कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करून हसवत होती, तेव्हा म्हटलं, घरी सांगू. घरी म्हटलं, आईसमोर नको. रविवारी म्हटलं, आज सुट्टी आहे, उगाच कशाला, कंपनीही बंदच असणार. बहिणीचा फोन आला, सांगितलंस का? मी म्हटलं, सांगतोय. एकदा तर असंही मनात आलं की सांगून उपयोग काय, जागा भरली असणार, उलट तिला त्रास. हे कारण मला फार आवडलं. त्याच्यावर मी रविवारची दुपार काढली. बायकोने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, ऊन फार आहे.

सोमवारी सकाळी वेबसाइटवाल्याला सांगून शिक्का काढून टाकला, पुढे पाठवणंही बंद केलं. तो म्हणाला, सर, मी तेव्हाच म्हटलं होतं. दिवसभर मी काचेसमोरून येरझाऱ्या घातल्या. एकदा आतही गेलो आणि एसी किती अंशांवर आहे ते विचारून बाहेर आलो.

संध्याकाळी मोशीच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. पुढे एक कंटेनर आडवा झाला होता म्हणे. ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती. मी समोर बघत एका दमात सगळं सांगितलं: शिक्का, सील, प्रत, पेटी, तीन मेल. ती म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं, या वेळी मेल आधी आणि शिक्का नंतर. तिने गाडी हळूहळू डावीकडे घेतली, एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर उभी केली आणि हात पुढे केला. मी फोनवर पेटी उघडून दिली.

तिने तिन्ही मेल वाचले. मग पहिला पुन्हा वाचला. बराच वेळ. मागून हॉर्न वाजत होते.

"म्हणजे पास झाले होते," ती म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशीच.

मी म्हटलं, माझं चुकलं, सगळंच चुकलं, पत्त्याचं, शिक्क्याचं, त्या दिवशी जेवताना बोललो त्याचंही. तिने मान हलवली. म्हणाली की शिक्क्याचं तुम्हाला कुठून कळणार, मलाही कळलं नसतं. उद्या सकाळी मी तिथे जाऊन येते, जागा भरली असेल, तरी विचारून येते, मी गप्प बसले नव्हते एवढं तरी त्यांना कळू दे. जागा भरली होती, हे तिला दुसऱ्या दिवशी तिथे गेल्यावर कळलं, आणि पुढच्या भरतीत पुन्हा अर्ज करा असंही सांगितलं गेलं. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी ती इतकी शांत होती की मला वाटलं, निभावलं.

मग तिने विचारलं, "पप्पा, हे तुम्हाला कळलं कधी?"

"शनिवारी."

"आज सोमवार आहे."

 तिने फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"तेव्हाचं मी काही म्हणत नाही. पण शनिवारपासून हे तुमच्याकडे होतं. का नाही दिलंत?"

माझ्याकडे रविवारभर गोळा केलेली कारणं होती. माप घेत होती, आई समोर होती, सुट्टी होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मग जे खरं होतं तेच निघालं.

"तू गेली असतीस," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं, इतकं तिला वाईट वाटलं होतं.

"हो, गेले असते," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी घरीच आले असते ना, पप्पा. चाकणला तर जायचं होतं."